फेस यायच्या आधी

"सुरुवात कशी झाली?" डॉक्टर विचारतात.

तुम्ही ताईकडं बघता, ताई तुमच्याकडं. मधल्या खुर्चीत भाचा बसलाय, १९ वर्षांचा. जीभ चावली गेल्यामुळं तो बोलत नाही, आणि बोलला असता तरी उपयोग नव्हता. परवा रात्रीचं त्याला काहीच आठवत नाही. जेवता जेवता त्याला फिट आली तेव्हा समोर तुम्ही बसला होता. प्रश्न तुम्हालाच आहे.

"हातपाय झाडत होता. तोंडातून फेस. डोळे वर गेलेले."

"ते नंतरचं झालं. त्याच्या आधी?"

आधी? आधी तो जेवत होता. मग ताई किंचाळली. मग कुणी म्हणालं चप्पल हुंगवा, कुणी म्हणालं मुठीत लोखंडाची चावी द्या, शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या. दातखीळ बसली म्हणून कुणीतरी तोंडात घालायला चमचा आणला, तो तुम्ही हिसकावून घेतलात, तेवढं मात्र बरं केलंत. चप्पल कुठल्या पायाची होती ते तुम्हाला पक्कं आठवतं. भाच्याची मान कुठल्या बाजूला वळली होती, ते आठवत नाही.

डॉक्टर केसपेपरवर लिहू लागतात. समोरून उलटं वाचता येतं तेवढं तुम्ही वाचता: टॉनिक-क्लॉनिक झटका, सुरुवात अज्ञात.

हा शेरा तुमच्यावर मारलेला नाही. वर्गवारीत तसा एक रीतसर खाना आहे. फिट आलेल्या माणसाबद्दल आजचे मेंदूविकारतज्ज्ञ पहिलं हेच ठरवतात की झटका मेंदूच्या एका जागी सुरू झाला की दोन्ही अर्ध्यांत एकदमच. पहिला फोकल, दुसरा जनरलाइज्ड, आणि सांगताच आलं नाही तर अज्ञात. औषध कुठलं द्यायचं, एमआरआयमध्ये काय शोधायचं, पुढंमागं ऑपरेशनचा विचार करायचा का, हे सगळं या एका उत्तराला टांगलेलं असतं. यंत्रं हवी तेवढी आहेत. पण झटका येतो तेव्हा माणूस यंत्रात नसतो, ताटावर असतो. आणि समोर तुम्ही असता.

तर चला. सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या, एक वही घ्या. फोन इथंच ठेवा. कुणाला हात लावायचा नाही, मधे बोलायचं नाही. फक्त बघायचं, आणि पहिलं काय झालं ते पहिलं लिहायचं.

*

डोळे उघडता तेव्हा ऊन इतकं आहे की मातीच्या भिंती पांढऱ्या दिसतात. बाबिलोनिया, इसवी सनापूर्वी १०५० च्या आसपास. अंगणात एक माणूस मांडी घालून बसलाय. त्याच्यापुढं जो उकिडवा बसलाय तो आशिपू, म्हणजे मंत्रही म्हणणारा आणि नाडीपेक्षा डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवणारा वैद्य.

बघा. बसलेल्या माणसाचा डावा डोळा कडेला सरकला. ओठाचा चंबू झाला. लाळ गळायला लागली. आता डावा हात, डावा पाय, धडाची डावी बाजू. उजवीकडं काही नाही. उजवा हात मांडीवर तसाच पडलाय. आशिपू त्याला हाक मारतो. माणूस ओ देतो.

आशिपूचा चेहरा जरा सैलावतो. त्याच्या शास्त्रात याला मिक्तू म्हणतात, म्हणजे पडणं. आणि शास्त्र असं सांगतं की झटक्यात माणूस शुद्धीवर असेल तर भूत काढता येतं. शुद्ध नसेल तर येत नाही. एसागिल-किन-अपली नावाच्या पंडितानं अदद-अपला-इद्दिना राजाच्या काळात 'साकिक्कू' हा ४० मातीच्या पाट्यांचा निदानग्रंथ लावून घेतला, त्यात हे नोंदलेलं आहे. त्यातली एक पाटी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

भुताचं तेवढं सोडून द्या आणि वहीत उरलेलं लिहा. बाजू कुठली, आधी काय हललं, हाकेला ओ दिली का. तीन हजार वर्षांनी वर्गवारी नव्यानं लिहिणाऱ्या डॉक्टरांना याहून फारसे वेगळे प्रश्न सुचले नाहीत. पण आपण घाई करतोय.

*

पुढचा मुक्काम आपल्याकडं, एका वैद्याच्या ओसरीवर. शिष्य चरकसंहिता घोकताहेत. अपस्मार हा शब्दच इथं फोडून सांगतात: स्मृती निघून जाणं. प्रकार चार: वातज, पित्तज, कफज आणि तिन्ही दोष एकत्र आलेला सन्निपातज. शेवटचा असाध्य. झटके पंधरा दिवसांनी, बारा दिवसांनी किंवा महिन्यानं येतात, असंही सांगितलंय, म्हणजे कुणीतरी दिवस मोजत होतं.

तुम्ही ऐकताय तोवर एक रुग्ण येतो आणि वैद्य त्याला विचारतो, पडायच्या आधी काय दिसलं?

काळं किंवा अरुण रंगाचं काही दिसलं तर वात. पिवळं, रक्तासारखं, सगळं पेटल्यासारखं दिसलं तर पित्त. पांढरं दिसलं तर कफ. दोषांची ही मांडणी आजचा न्यूरॉलॉजिस्ट मान्य करणार नाही. पण पडण्यापूर्वी रुग्णाला काय दिसलं याला वर्गवारीत मानाची जागा देणारं हे डोकं मला फार आवडतं. आणखी एक गोष्ट तिथंच आहे. वातजात माणूस क्षणात भानावर येतो, कफजात बऱ्याच वेळानं. फिट गेल्यानंतरचा वेळही कुणीतरी बघत बसलेलं होतं. तुम्ही परवा बघितला होता? तेव्हा तुम्ही रिक्षा शोधत होता.

(नटराजाच्या पायाखाली जो बुटका दाबलेला असतो, त्याचं नावही अपस्मार. देवळातनं बाहेर पडताना पुढच्या वेळी त्याच्याकडं बघा. तो मरत नाही, नुसता दाबून ठेवलेला असतो. औषध चालू असलेल्या कुणालाही हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.)

*

स्मर्ना, आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. इसवी सन १५० च्या सुमाराला. एका पोराभोवती वैद्यांचा घोळका आहे, त्यात विशीतला एक विद्यार्थी मान उंचावून बघतोय. गेलन त्याचं नाव. पुढं दीड हजार वर्षं युरोप त्याच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

पोरगा तेरा वर्षांचा. तो सांगतो की नडगीपाशी काहीतरी सुरू होतं, मग मांडी, मग कूस, मग मान, आणि डोक्याला पोचलं की पुढचं त्याला कळत नाही. वर काय चढतं, असं वैद्य विचारतात. त्याला सांगता येत नाही. दुसरा एक पोरगा जरा तरतरीत. तो म्हणतो, गार झुळूक आल्यासारखं.

झुळुकीला त्यांच्या भाषेत 'ऑरा' म्हणत. तोच शब्द आजही तुमच्या भाच्याच्या केसपेपरवर एका चौकटीत छापलेला आहे. त्यापुढं डॉक्टरांनी फुली मारली होती.

पोराचं सांगणं खरं होतं, वैद्यांनी त्यावरनं काढलेलं अनुमान चुकलं. त्यांना वाटलं, रोगाचं मूळ पायात आहे आणि तिथून ते वर येतं. पुढं कित्येक शतकं अशा रुग्णाचा पाय वर घट्ट बांधून झुळूक अडवायचे प्रयत्न झाले. तुम्ही वहीत लिहिताना एवढंच लिहा: नडगी, मांडी, कूस, मान, डोकं. क्रम बदलू नका. हा क्रम पुढं लागणार आहे.

*

पॅरिसला उतरायची गरज नाही, वरूनच बघू. १८१५ मध्ये एस्किरोल नावाचे डॉक्टर इस्पितळातले बोलीतले शब्द वैद्यकाच्या कागदावर आणतात: ग्राँ माल आणि पेटी माल, मोठं दुखणं आणि छोटं दुखणं. शब्द इतके सोपे की आजही तोंडून जात नाहीत. पण आवाज मोठा की छोटा यावरनं फटाक्यांची वर्गवारी करावी तशातला हा प्रकार. आत काय पेटलं ते त्यातून कळत नाही.

त्याऐवजी इंग्लंडातल्या टनब्रिज गावी एका डॉक्टरच्या घरात या. १८४१. विल्यम वेस्ट 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र लिहिताहेत. रुग्ण त्यांचा स्वतःचा मुलगा आहे, बाळ चार महिन्यांचं असल्यापासून त्यांनी जे पाहिलं ते. बाळाची मान एकदम पुढं गुडघ्यांकडं झुकते, लगेच सैल होऊन वर येते. पुन्हा झुकते. एका वेळेला दहा, वीस, कधी त्याहून जास्त वेळा, दोन-तीन मिनिटं. मग थांबतं. दिवसातनं दोन-तीनदा. जळवा लावून झाल्या, औषधं देऊन झाली. लंडनच्या एका नामांकित डॉक्टरांनी त्याला नाव दिलं होतं सलाम-झटके, कारण बाळ जणू वाकून सलाम करतं.

तुम्ही उभे आहात त्या कोपऱ्यातून त्यांच्या हाताचं अक्षर दिसतं. हा माणूस बाप म्हणून मोडलाय आणि तरीही किती वेळा, किती वेळ, कधी, हे मोजून लिहितोय. आपल्याकडं आजही अशा बाळाला 'दचकतंय', 'पोटात कळ येतेय' म्हणून ग्राइप वॉटर पाजलं जातं आणि महिने जातात. आता याला एपिलेप्टिक स्पाझम म्हणतात. स्टिरॉइड गटातली आणि व्हिगाबॅट्रिनसारखी औषधं आहेत, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं. फेस नाही, पडणं नाही. मोठं-छोटं दुखणं म्हणून मोजलं असतं तर हे सगळ्यात छोटं ठरलं असतं.

*

आता लंडन, आणि इथं जरा बूड टेकून बसू.

क्वीन स्क्वेअर, १८७०. लकवा आणि अपस्मार झालेल्यांसाठी हे इस्पितळ दहा वर्षांपूर्वीच उघडलंय. वॉर्डात पस्तिशीचे एक दाढीवाले डॉक्टर फिरतात, जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन. हा गृहस्थ नाटकाला गेला तर शेवटपर्यंत बसत नाही. कादंबरी विकत घेतली की तिचे दोन तुकडे करून दोन खिशांत घालतो. पण एखाद्या रुग्णाचा अंगठा हलायला लागला की त्यांना वेळेचं भान राहत नाही.

त्यांच्या शेजारी उभे राहा. खाटेवरच्या माणसाचा अंगठा आणि तर्जनी आवळायला लागली. घड्याळ बघा. मनगट. कोपर. खांदा. गालाचा कोपरा ओढला गेला. आता पाय, वरून खाली. माणूस जागा आहे आणि स्वतःच्या हाताकडं परक्याच्या वस्तूकडं बघावं तसा बघतोय.

पुढच्या खाटेवर दुसरा रुग्ण. याचं पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतं. घोटा, गुडघा, मांडी, वर चढत जातं, आणि मग? खांद्यावरून हातात खाली उतरतं.

वही उघडा, स्मर्नाचं पान काढा. पायातून वर चढणारी झुळूक असती तर ती खांद्यापाशी आल्यावर खाली बोटांकडं कशाला वळली असती? सरळ डोक्यात गेली असती. जॅक्सनना नेमकं इथं उत्तर सापडलं. जे सरकतंय ते अंगात सरकत नाहीये. मेंदूच्या पृष्ठभागावर पाय, धड, खांदा, हात, चेहरा यांच्या जागा शेजारी-शेजारी असल्या पाहिजेत. कुठल्यातरी एका जागी भडका उडतो आणि वणव्यासारखा शेजारच्या जागेत जातो. अंगावर दिसते ती त्याची सावली. स्मर्नाच्या पोरानं बरोबर सांगितलं होतं. तो आपल्या मेंदूचा नकाशा वाचून दाखवत होता, फक्त त्याला आणि गेलनला तो पायाचा वाटला.

त्याच वर्षी बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग कुत्र्याच्या उघड्या मेंदूला बारीक विजेचा स्पर्श देतात आणि विरुद्ध बाजूचा पाय हलतो. नकाशा खरा निघतो.

झटका बहुधा तीन जागी सुरू होतो, हेही जॅक्सननी टिपलं: हाताचा अंगठा-तर्जनी, ओठाचा कोपरा, पायाचा अंगठा. नंतर माँट्रियलमध्ये पेनफिल्ड यांनी जाग्या रुग्णांचा मेंदू चाचपून नकाशा काढला तेव्हा दिसलं की हाताला आणि तोंडाला मेंदूनं केवढी मोठी जागा देऊन ठेवलीय. पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकलेले जेकब चांडी वेल्लोरला आले आणि १९५२ मध्ये तिथं अपस्मारावरची शस्त्रक्रिया झाली. सुरुवातीची जागा नेमकी सापडली तरच असं ऑपरेशन करता येतं.

वॉर्डातनं निघण्यापूर्वी एक गोष्ट. डॉक्टरांच्या घरी त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनाही असेच एका अंगाचे झटके येत. १८७६ मध्ये त्या गेल्या. जॅक्सननी पुन्हा लग्न केलं नाही.

थोडं पुढं चला, १८८८ पर्यंत. जॅक्सन आता एका डॉक्टरची हकीकत छापताहेत. हे डॉक्टर स्वतःच जॅक्सनचे रुग्ण, छापताना नाव दिलंय 'झेड'. त्यांच्या खोलीत डोकावू.

एक तरुण रुग्ण छातीची तक्रार घेऊन आलाय. डॉक्टर झेड त्याला कपडे काढून पलंगावर पडायला सांगतात. त्यांना स्वतःला कळतं की आपल्याला झटका येतोय. स्टेथोस्कोप बाहेर काढतात आणि बोलणं टाळायला जरा पाठमोरे होतात. एवढंच त्यांना नंतर आठवतं. पुढचं तुम्ही बघताय. ते रुग्णाची छाती तपासतात. निदान लिहितात. लिहिण्याच्या टेबलाशी जाऊन दुसऱ्याच कुणाशी बोलू लागतात. भान येतं तेव्हा खोलीत रुग्ण नाही. तासाभरानं त्या रुग्णाला ते पुन्हा गाठतात, शेजारी स्वतःच्या अक्षरातली नोंद सापडते: डाव्या फुप्फुसाच्या तळाला न्यूमोनिया. आपण शुद्धीत नसताना लिहिलेलं कितपत खरं, म्हणून पुन्हा तपासतात.

न्यूमोनिया होता. डाव्या तळालाच.

आता सांगा, हा माणूस शुद्धीवर होता की नव्हता? बाबिलोनच्या आशिपूनं हाक मारून बघितली असती तर त्यानं ओ दिली असती. पण त्याच्या आत नोंद करणारं कुणी नव्हतं. अशा झटक्यांना जॅक्सन स्वप्नावस्था म्हणत. १८९४ मध्ये डॉक्टर झेड वारले तेव्हा डाव्या टेम्पोरल लोबच्या आतल्या वळणात एक लहानसा बिघडलेला भाग सापडला. एवढ्याशा जागेनं माणसाला थोड्या वेळाचं आयुष्य दिलं आणि त्याची आठवण काढून घेतली.

*

बॉस्टन, हार्वर्डची प्रयोगशाळा, १९३४ चा डिसेंबर. बाहेर थंडी, आत व्हॉल्व्हच्या यंत्रांची ऊब. जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून मेंदूची वीज टिपून १९२९ मध्ये छापली, तेव्हा बहुतेकांनी ती खरी मानली नव्हती. इथं गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स मानतात.

खुर्चीत बसलेली मुलगी बोलतेय. वाक्याच्या मध्येच थांबते. पापण्या किंचित फडफडतात. तुम्ही मोजता: एक, दोन... नऊ. मग ती तेच वाक्य पुढं सुरू करते, जणू मधे कुणी फक्त रेडिओचं बटण फिरवलं होतं. शाळेत हिला लक्ष नाही म्हणून छड्या बसल्या असतील.

कागदाची पट्टी बघा. ती बोलत होती तोवर बारीक खरवड. मग एकदम टोकदार काटा आणि त्यामागं गोल लाट, काटा आणि लाट, सेकंदाला तीन. नऊ सेकंदांत मोजून सत्तावीसच्या आसपास. मग पुन्हा खरवड. डोक्याच्या कुठल्याही भागावरून बघा, लाट एकाच वेळी उठते. इथं अंगठा नाही, नडगी नाही, नकाशावरून सरकणारं काही नाही. गावातल्या सगळ्या घरांची वीज एकाच क्षणी जाते तसं. जॅक्सनच्या अंगठ्याचा हा दुसरा टोकाचा भाऊबंद, जनरलाइज्ड ॲबसेन्स. (ॲबसेन्स हे नाव मात्र पॅरिसचं, १८२४ पासूनचं. गैरहजेरी. फ्रेंचांना नावं ठेवता येतात.)

आज मुलाला ईईजीच्या खुर्चीत बसवून हातात भिरभिरं देतात आणि जोरजोरात फुंकायला सांगतात. तीन मिनिटं दीर्घ श्वास घेतले की ही गैरहजेरी बहुधा समोरच लागते.

*

क्योटो, सप्टेंबर १९८१. इथं कुणी पडत नाही, कुणी किंचाळत नाही. जगभरच्या अपस्मारतज्ज्ञांची संघटना, १९०९ मध्ये बुडापेस्टला स्थापन झालेली, नवी वर्गवारी मंजूर करतेय. मार्सेयचे आंरी गास्तो यांनी धरलेल्या वाटेनं पहिली यादी १९७० मध्ये छापून झाली होती. यावेळी हातात नवं हत्यार होतं: व्हिडिओ. झटके रेकॉर्ड करून, तेच दहा वेळा मागंपुढं फिरवून, बघून भांडता यायला लागलं.

तुम्हीही दोन फिती बघा. एका पडद्यावर बॉस्टनच्या मुलीसारखं मूल, दुसऱ्यावर तिशीचा माणूस. दोघंही नजर लावून बसलेत. दोघंही हाकेला ओ देत नाहीत. फरक दिसतो का? माणूस ओठ चाटतोय, चघळल्यासारखं करतोय, शर्टाची बटणं चाचपतोय. काटा एक मिनिट ओलांडून जातो. मूल दहाव्या सेकंदाला खेळायला लागलं. माणूस भानावर आल्यावरही आपण कुठं आहोत ते विचारतोय. पहिली ॲबसेन्स. दुसरी फोकल, डॉक्टर झेडच्या घराण्यातली.

यावर भांडायचं कशासाठी, असं कुणाला वाटेल. फोकल झटक्यांवर चांगलं चालणारं कार्बामाझेपिन ॲबसेन्सच्या मुलाला दिलं तर झटके वाढू शकतात. सकाळी उठल्या उठल्या हातातला चहाचा कप किंवा ब्रश आपोआप उडणाऱ्या, म्हणजे मायोक्लॉनिक झटके येणाऱ्या पोरापोरींचंही तसंच. चुकीच्या खान्यात टाकलेला रुग्ण औषध वेळेवर घेतो आणि तरी बिघडत जातो. मग बिचाऱ्याची आई अमावास्या मोजायला लागते.

१९८१ च्या यादीनं फोकल झटक्यांचे दोन वाटे केले: शुद्ध राहिली तर 'सिंपल पार्शल', गेली तर 'कॉम्प्लेक्स पार्शल'. माझ्या मते ही नावं ठेवणाऱ्यांनी रुग्णांचा विचारच केला नव्हता. सिंपल म्हटल्यावर लोक औषध सोडायचे आणि कॉम्प्लेक्स म्हटल्यावर घरात रडारड. २०१७ मध्ये ती मोडीत निघाली आणि साधा प्रश्न उरला: झटक्यात माणसाला स्वतःचं आणि आजूबाजूचं भान होतं की नव्हतं. २०२५ मध्ये त्यात आणखी दुरुस्ती झाली. नुसतं भान पुरेसं नाही, प्रतिसादही बघायचा. दोन्ही मिळून शुद्ध. आशिपूची हाक आणि डॉक्टर झेडची हरवलेली आठवण, दोन्ही एकाच ओळीत येऊन बसल्या. प्रकार त्रेसष्टाचे एकवीस झाले. यादी वाढत जाण्याऐवजी आटली, हे वैद्यकात क्वचितच घडतं.

*

शेवटचा मुक्काम जवळचाच आहे. परवा रात्र, तुमचंच स्वयंपाकघर.

नियम तेच. हात लावायचा नाही. तुम्ही फ्रीजच्या कडेला उभे आहात आणि समोर ताटावर बसलेल्या स्वतःला बघताय. ते 'तुम्ही' फोनमध्ये बघत जेवताय.

आठ बावन्न. भाचा उजव्या हातानं भाकरी मोडतोय. डावा हात ताटाच्या कडेवर. ताट वाजतं, बारीक, टक टक टक. अंगठा. डावा. तो स्वतःच त्याच्याकडं बघतोय. भाकरी सोडून उजव्या हातानं डावा अंगठा धरायला जातो. तुम्हाला हाक मारायला तोंड उघडतो, पण तोंडाचा डावा कोपरा ओढला गेलाय आणि शब्द येत नाही. फोनमध्ये बघणारे तुम्ही मान वर करत नाही.

अकरा सेकंद. मान डावीकडं वळते, डोळे डावीकडं. आणि मग किंकाळी. तुम्ही ताईकडं बघता. ताई ओट्यापाशी पाठमोरी आहे, तिचं तोंड मिटलेलं आहे. ओरडला तो भाचा. सगळे स्नायू एकदम ताठरले की छातीतली हवा घशातून अशी बाहेर फेकली जाते. त्याला ते कळतही नाही. हा टॉनिक भाग. मग झटके, आधी भराभर, मग अंतराअंतरानं. क्लॉनिक. फेस आत्ता आला. चप्पल आत्ता आली. एक मिनिट चाळीस सेकंदांनी सगळं थांबतं, त्याचा घोरल्यासारखा श्वास ऐकू येतो, आणि घरातला आरडाओरडा तेव्हा कुठं जोरात सुरू होतो. उजवा हात तो डोक्याखाली घेतो. डावा मात्र बराच वेळ लुळा पडून आहे. झटक्यानंतरच्या या लुळेपणाला टॉड यांचं नाव आहे, तेही लंडनचेच.

वही मिटा.

"सुरुवात कशी झाली?" डॉक्टर विचारतात.

तुम्ही सांगता. अंगठा, ओठाचा कोपरा, मान, सगळं डावीकडं, सुरुवातीला त्याला कळत होतं, अकरा सेकंद. मग सगळ्या अंगात. नंतर डावा हात लुळा. डॉक्टर 'अज्ञात' खोडतात आणि लिहितात: फोकल सुरुवात, पुढं दोन्ही बाजूंचा टॉनिक-क्लॉनिक. एमआरआयच्या चिठ्ठीवर वेगळी ओळ येते, उजव्या अर्ध्यातला हाताचा भाग नीट बघावा. आपल्याकडं तिथं कधी जुनी इजा निघते, कधी फीतकृमीच्या अळीची वाळलेली गाठ.

तुम्हाला परवाच्या रात्रीत परत जाता आलं. एरवी कुणाला ते जमत नाही, म्हणून एवढं करा. घरात कुणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. एकानं घड्याळ बघावं. झटके पाच मिनिटांपुढं गेले किंवा शुद्ध न येता दुसरी फिट आली तर १०८ ला फोन करा. दुसऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढावा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा, आणि झटका थांबला तरी त्याला हाक मारत आणखी दोन मिनिटं कॅमेरा चालू ठेवावा. चप्पल दाराबाहेर राहू दे.